चार वाजता घरी कोण असतं?

बागांची ती वेबसाइट अजून चालू आहे. तिच्यावर पाच बागांचे फोटो आहेत आणि पाचही फोटोंत मीच बसले आहे, पाठमोरी. एका फोटोत निळी ओढणी, बाकी चारांत पिवळी, कारण ते चार एकाच दिवशी काढले होते. बघणाऱ्याला वाटेल, ही बाई काय सुखी आहे, रोज नव्या बागेत जाऊन बसते. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला मुंग्या चावत होत्या आणि दुकान बंद ठेवावं लागल्याचा राग डोक्यात होता.

दुकान म्हणजे पेणला, एसटी स्टँडपासून जवळच्या गल्लीत. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, लग्नपत्रिका, आणि अलीकडे वेबसाइट. हे शेवटचं झेंगट मी गणपतीच्या कारखानदारांमुळे शिकले. एका कारखान्याची वेबसाइट मी बनवली, तिच्यावरून परदेशातली ऑर्डर आली, आणि ती बातमी पेणहून निघाली ती कासू, नागोठणं करत थेट रोह्यापर्यंत गेली. त्या बातमीच्या मागून काका आले.

त्यांना नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. तोंडावर सगळे काका म्हणत आणि पाठीमागे मातीखाऊ. ह्या नावाची हकिकत मला पहिल्याच दिवशी कळली. दुकानाच्या पायरीशी ते एकदम उकिडवे बसले, मला वाटलं चक्कर आली. दाराशी माझी तुळशीची कुंडी आहे. त्यांनी सदऱ्याच्या वरच्या खिशातून, जिथे लोकांचं पेन असतं तिथून, स्टीलचा छोटा चमचा काढला, कुंडीतली माती टोकावर घेतली आणि जिभेला लावली. जरा वेळ डोळे मिटून राहिले. मग गटारात थुंकले, चमचा रुमालाने पुसला आणि परत खिशाला लावला.

"घरची माती घातलीस ना गो?" म्हणाले. "शेजारी गणपतीचा कारखाना हाय तुझ्या. शाडू लागतो जिभेला."

होता. पेणच्या खाडीकडच्या टोकाला माझं घर आहे आणि त्याच्या मागच्या भिंतीला लागून कारखाना. तिथलं हात धुतलेलं, भांडी धुतलेलं शाडूचं पाणी कित्येक वर्षं माझ्या मागच्या अंगणात येतं. आई होती तेव्हा तिची आणि कारखानेवाल्यांची त्यावरून वर्षातून दोन भांडणं ठरलेली. पण हे सगळं ह्या गृहस्थांना जिभेवरून कळावं, ह्याचं मला कौतुकही वाटलं आणि किळसही आली. किळस जास्त. मी पाण्याचा ग्लास पुढे केला, तो त्यांनी तुळशीला घातला आणि खुर्ची ओढून बसले.

मूर्तीला सातासमुद्रापलीकडचं गिऱ्हाईक येतं, तर बागेला निदान रोह्याचं तरी यायला हवं, असं त्यांचं म्हणणं होतं. स्वतः मूळचे कासूचे, मिठागरावर राबणाऱ्या घरातले. लहानपण गेलं खारात, जिथे गवत उगवायचं म्हणजे मारामार, आणि नोकरी लागली रोह्याला एका कंपनीच्या कॉलनीत माळी म्हणून. तीस वर्षं साहेबलोकांच्या बंगल्यांपुढे हिरवळ राखली. रिटायर झाल्यावर कासूच्या घरी परत आले आणि मुंबईवाल्यांच्या फार्महाउसांच्या बागा करायला लागले. कामाला वाघ होते, त्याबद्दल दुमत नाही. तोंडाने मात्र गिऱ्हाईक घालवायचे.

वेबसाइटवर गिऱ्हाइकाने भरायचा फॉर्म असतो. नाव, फोन, गाव, जागा किती, खर्च किती करणार. मी हे सगळं झरझर टाइप करून दाखवलं. त्यांनी वाचलं आणि नाव-गाव सोडून बाकी काढायला लावलं. जागा किती ते मी पावलांनी मोजीन म्हणाले. खर्चाचं तर ऐकूनच घेतलं नाही. त्याऐवजी त्यांनी स्वतःचे प्रश्न सांगितले. चार वाजता घरी कोण असतं, हा पहिला. मग पावसाळ्यात अंगणात पाणी कुठे थांबतं. आधी कुठलं झाड होतं आणि ते कुणी तोडलं. बसायला खुर्च्या किती. आणि सगळ्यात खाली, आपल्या अंगणातली मूठभर माती पिशवीत घालून पेणच्या दुकानात पोचती करावी.

मी कपाळावर हात मारला. म्हटलं, काका, हा बागेचा फॉर्म आहे की पोलिसांचा? दारात एवढी चौकशी केली तर सोयरीकसुद्धा परत जाईल. पालथ्या घड्यावर पाणी. त्यांना चार वाजताचा प्रश्न पहिलाच हवा होता, आणि ठळक अक्षरात हवा होता. चारच का, तीन का नाही, पाच का नाही, ह्यावर आमची चांगली दोन दिवस जुंपली. शेवटी मी चिडून म्हटलं, कारण सांगा, नाहीतर मी टाकत नाही.

तेव्हा त्यांनी सांगितलं, आणि ते एवढं सरळ सांगितलं की मला कुठे बघावं कळेना. कॉलनीत सगळ्या साहेबांच्या दारात त्यांनी बागा केल्या. त्यांचं स्वतःचं क्वार्टर मागच्या रांगेत, त्याच्या मागे सिमेंट केलेली मोरी आणि एक पायरी. तिथे त्यांनी कधी एक रोप लावलं नाही. दिवसभर मातीत हात घातल्यावर घरी येऊन कोण लावणार? बायको गेली तेव्हा शेजारीण भेटायला आली आणि म्हणाली, वहिनी रोज चार वाजता मागच्या पायरीवर बसायच्या, एकट्याच, सिमेंटकडे बघत. हे त्यांना माहीत नव्हतं. ते तीस वर्षांत चार वाजता घरी कधी नव्हते.

"सकाळी कोनीबी बसतो गो," ते म्हणाले. "सकाळी मानसाला कामं असतात. चार वाजता मानूस उघडा पडतो."

मी प्रश्न पहिला टाकला. ठळक केला. त्यांना न विचारता हिरवा पण केला.

त्यांच्या लेखी बागा दोनच प्रकारच्या. एक बसती बाग, म्हणजे जिच्यात घरचं माणूस रोज येऊन बसतं. दुसरी नुसती बाग. रिटायर झाल्यापासून त्यांनी केलेल्या सगळ्या बागा दुसऱ्या प्रकारातल्या. मालक मुंबईला, गेटला कुलूप, वर्षातून चार-सहा वेळा गाड्या येणार, गाणी लागणार, सोमवारी पुन्हा कुलूप. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं ते फोटो काढायला गेले तेव्हा. गडब गावाच्या पुढून आत वळलो, तिकडून रोह्याच्या वाटेवरच्या टेकड्यांत. एकेक बाग अशी की बघत राहावं. जास्वंदाच्या कडा, दगडात बसवलेलं शेवाळं, बाकावर पडलेली चाफ्याची फुलं. ती फुलं उचलायला माणूस नाही. काका प्रत्येक ठिकाणी आधी बाक झाडायचे आणि जरा वेळ स्वतः बसायचे, पाहुण्याच्या घरी बसावं तसे, काठावर. मग मला म्हणायचे, बस.

मी म्हटलं, बागेचा फोटो असतो, माझा कशाला? तर म्हणे, मोकळ्या बाकाचा फोटो टाकायचा नाय, अपशकुन होतो. तोंड दाखवायचं नसेल तर पाठ दाखव. म्हणून त्या पाच पाठी. पुढे एका गिऱ्हाइकाने फोन करून विचारलंही, त्या मॅडम बागेबरोबर येतात का? काकांना राग आला. मला मात्र हसू आलं, कारण चाळिशी ओलांडल्यावर माझ्याबद्दल कुणी एवढी चौकशी केलेली नव्हती.

वेबसाइट सुरू झाली आणि काका रोज यायला लागले. सकाळच्या गाडीने कासूहून पेणला उतरायचे, स्टेशनवरून चालत दुकानात. "आज कोन आलं?" हा प्रश्न पायरीवरूनच. मी पानाच्या तळाशी किती लोकांनी बघितलं त्याचा आकडा ठेवला होता, ती माझी चूक. त्यांची समजूत अशी झाली की आकड्यागणिक एक माणूस दाराशी येऊन गेलं. एकदा आकडा शंभरावर गेला तर खूश व्हायचं सोडून ते खट्टू होऊन बसले. म्हणाले, एवढी मानसं आली नि एकानंबी हाक मारली नाय? मी त्यांना समजावायला गेले की लोक नुसते चाळतात, बोट लावतात नि पुढे जातात. ते म्हणाले, तसं तर गेटावरचं कुत्रंबी करत नाय, ते निदान भुंकतं. आणि त्या आकड्यातले निम्मे तर आम्ही दोघंच होतो, रोज उघडून बघणारे. हे मी त्यांना सांगितलं नाही.

जी थोडी गिऱ्हाइकं खरंच आली, ती त्यांनी वाटेला लावली. एका मुंबईच्या बाईंना हिरवळ हवी होती, लवकर हवी होती, मुलीच्या साखरपुड्याआधी. काकांनी फोनवर विचारलं, चार वाजता घरी कोन असतं? त्या म्हणाल्या, केअरटेकर. मग काकांनी सांगितलं, त्याला फोन द्या, बाग त्याची, त्याला काय आवडतं ते बघू. फोन कट. हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याने प्लास्टिकच्या गवताचं विचारलं, तर ते दुकानात येऊन तासभर तुळशीची सुकलेली पानं खुडत बसले. जाताना एवढंच म्हणाले की फॉर्मच्या वर लिही, प्लास्टिकचं गवत मिळणार नाही. मी लिहिलं. असल्या दुकानदारीला आमच्याकडे म्हण आहे, ती इथे लिहिण्यासारखी नाही.

आता हा सगळा वैताग मी का सहन केला, असं कुणी विचारेल. माझ्या भावाने विचारलंच, पनवेलहून फोनवर. त्याला काय सांगणार? आई गेल्यापासून माझ्याशी बोलणारी माणसं म्हणजे 'दोन्ही बाजूंनी काढा' आणि 'सही कुठे करायची' म्हणणारी. मी तापट आहे, फटकळ आहे, हे मला माहीत आहे. लोक काम झालं की निघतात. काका काम नसताना यायचे, माझ्याशी भांडायचे, आणि दुसऱ्या दिवशी परत यायचे.

त्यांचा मुलगा पुण्याला. चांगला मुलगा, खोटं कशाला बोलू. बापाचे गुडघे गेलेत, कासूच्या घरात पडले तर चार दिवस कुणाला कळणार नाही, म्हणून तो मागे लागला होता. अकराव्या मजल्यावर घर, लिफ्ट, सगळं. काकांनी त्याला दोनदा टोलवलं. तिसऱ्यांदा मुलाने निकराने सांगितलं की दिवाळी झाली की गाडी घेऊन येतो, ह्या वेळी ऐकणार नाही. काकांनी ते मला गणपतीनंतर एका दुपारी सांगितलं. जायचं नक्की होतं. तक्रार नव्हती. फक्त म्हणाले, एक बसती बाग करून गेलो असतो तर बरं झालं असतं. जन्मभर लोकांच्या दारात माती उकरली आणि एकपन मानूस तिच्यात बसवला नाय.

त्यानंतर रोज पायरीवरून तोच प्रश्न, पण आवाज खाली. आज कोन आलं? कोणी नाही. नवरात्र बसलं. आज कोन आलं? कोणी नाही, काका, चहा घ्या. मला 'कोणी नाही' म्हणायचा कंटाळा आला, की भीती वाटायला लागली, मला सांगता येत नाही.

मी दोन ते पाच दुकान बंद ठेवते. पेणला दुपारचं गिऱ्हाईक नसतंच. घरी जेवून मागच्या दारात बसले होते, मोबाईल हातात, आणि त्यांचा फॉर्म उघडला. नाव टाकलं शालिनी. शाळेत माझ्या बाकावर एक शालिनी होती, तिचं आता काय झालं कोण जाणे. गाव टाकलं रोहा, म्हणजे काका लगेच उठून शोधायला जायचे नाहीत. इथवर खोटं बोलायला काही वाटलं नाही. मग पहिला प्रश्न आला, हिरवा, ठळक. चार वाजता घरी कोण असतं? मी काहीतरी बनवून लिहिणार होते, सासूबाई वगैरे. घड्याळात बघितलं तर चारला पाच कमी. मी लिहिलं, मी, एकटीच.

पुढचे प्रश्न मग आपोआप भरत गेले. पाणी कुठे थांबतं? मागच्या भिंतीशी, शेजाऱ्यांचं येतं. आधी कुठलं झाड? शेवगा. भावाने तोडला, सुरवंट होतात म्हणून. आईला विचारलंसुद्धा नव्हतं. खुर्च्या किती? दोन. एक आईची आहे, घडीची, पट्ट्यांची. ती अजून मांडते. हे मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. पाठवा हे बटण दाबलं आणि मग मला रडू आलं. उगाच, मूर्खासारखं.

दुसऱ्या दिवशी काका आले तेव्हा मी तोंड वळवूनच सांगितलं की एक आलंय, रोह्याचं. फॉर्म छापून हातात दिला. त्यांनी चष्मा लावला, वाचला, परत वाचला. खुर्च्यांच्या ओळीवर बोट ठेवून बसले. मग कागदाची नीट घडी करून चमच्याच्या खिशात घातली आणि म्हणाले, बसती बाई हाय गो. शालिनीबाय. ते सबंध दिवसभर हसत होते. गल्लीतल्या पानवाल्याला सांगितलं, समोरच्या सोनाराला सांगितलं, वेबसाइटवरून गिऱ्हाईक आलं म्हणून. मी आत बसून लॅमिनेशन करत होते आणि हात भाजला.

पुढचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांना माती हवी होती. रोज विचारायचे, शालिनीबायनं माती पाठवली? माती चाखल्याशिवाय ते फावड्याला हात लावत नसत. मी चार दिवस टोलवलं, बाई आजारी असतील, बाईंना वेळ नसेल. मग खोट्याला टेकू लावायला आणखी एक खोटं. एका सकाळी निघताना मागच्या अंगणातली मूठभर माती प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि काउंटरवर ठेवली. म्हटलं, रोह्याचा एक माणूस देऊन गेला.

ह्याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. तुळशीच्या कुंडीत हीच माती आहे आणि पहिल्याच दिवशी त्यांनी ती चाखली आहे, हे मला त्या क्षणी आठवू नये? नाहीच आठवलं. त्यांनी चमचा काढला, टोकावर माती घेतली, जिभेला लावली आणि डोळे मिटले. आणि मग मला आठवलं. पण ह्या वेळी ते थुंकले नाहीत. माती तोंडातच ठेवून माझ्याकडे बघत होते.

"रोह्याची ना?" एवढंच विचारलं.

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

त्यांनी पिशवीला गाठ मारली, खिशात घातली आणि चहा न घेता गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशी नाहीत. चौथ्या दिवशीही नाहीत. मी गाडीच्या वेळेला दारात उभी राहायचे, मग स्वतःचाच राग यायचा आणि आत जायचे. ज्या माणसाला बायकोच्या चार वाजताच्या पायरीचं आयुष्यभर लागून राहिलं, त्याला मी खोटी बाई दाखवली होती. वर तिच्या तोंडात खरी दुःखं घातली होती. मातीखाऊ म्हणून लोक त्यांना हसायचे, पण ह्या प्रकरणात खरी माती मी खाल्ली होती.

रविवारी दुपारी मी मागच्या दारात बसले होते. पुढे टेम्पो थांबल्याचा आवाज आला. मग अंगणाच्या बाजूने काकाच आले, खांद्यावर फावडं, मागे टेम्पोवाला दोन गोणी घेऊन. मी उठले. चिडूनच म्हटलं, घर कसं सापडलं? ते म्हणाले, एकेक कारखाना विचारत आलो.

मी माफी मागायला सुरुवात केली. त्यांनी हात वर करून थांबवलं आणि आधी अंगण पावलांनी मोजलं, फोनवर बोलणाऱ्या माणसासारखं स्वतःशी पुटपुटत. भिंतीशी साचलेल्या पाण्यात काठी घालून बघितली. तोडलेल्या शेवग्याच्या बुंध्यावर जरा वेळ हात ठेवला. मग माझ्यासमोर आले.

"नाव खोटं लिव्हलंस, गाव खोटं लिव्हलंस," म्हणाले. "चार वाजता कोन असतं ते खरं लिव्हलंस ना?"

मी मान हलवली.

"मंग झालं की. खुर्ची सरकव, मना खणायचंय."

ते तीन रविवार आले. भिंतीच्या कडेने चर खणला आणि शाडूचं पाणी अंगणाबाहेर काढून दिलं. भाताचा तूस, शेणखत, रेती घालून मातीचा उंच वाफा केला. पश्चिमेला, चारचं ऊन जिथून येतं तिथे, शेवग्याचा दांडा रोवला. मी म्हटलं, परत सुरवंट होतील. ते म्हणाले, होऊ दे, तेवढीच सोबत. त्याच्या पलीकडे उंडीचं झाड लावलं, त्याची सावली म्हणे माझ्या म्हातारपणी पडेल. खाली अबोली. तिसऱ्या रविवारी काम संपलं, तेव्हा चार वाजले होते. मी चहा आणला. ते आईच्या खुर्चीवर बसले, काठावर नाही, पाठ टेकून. तासभर आम्ही तिथेच बसलो. पलीकडे कारखान्यात कुणीतरी रेडिओ लावला होता.

ते निघाले तेव्हा मी विचारलं. लाज सोडून विचारलं, कारण त्यासाठीच तर मी सगळं केलं होतं. म्हटलं, आता गिऱ्हाईक आलं ना, मग आता कशाला जाता? ते हसले. म्हणाले, एवढ्यासाठीच थांबलो होतो गो. दिवाळीनंतरच्या रविवारी मुलगा गाडी घेऊन आला. काका पुढच्या सीटवर बसले, मांडीवर फावडं. मुलगा म्हणाला, बाबा, डिकीत ठेवा. ठेवलं नाही.

त्यांच्या मागे दुकानातली सकाळची ती वेळ मोकळी पडली. सहा महिने मी पायरीकडे बघत काढले. फोन करायचे, पण फोनवर ते वेगळेच असायचे, हो, बरं हाय, जेवलो. वेबसाइट बंद करावी असं दोनदा मनात आलं. पण वर्षाचं नूतनीकरण आलं तेव्हा पैसे भरून टाकले. शेवगा माझ्या डोक्याच्या वर गेला. सुरवंटही आले.

गेल्या आठवड्यात फॉर्म आला. त्या वेबसाइटवरून कित्येक महिन्यांनी. मी दुकानात उभ्यानेच उघडला.

नावाच्या जागी शालिनी. गाव पुणे, मजला अकरावा. चार वाजता घरी कोण असतं? मी, एकटाच. पाणी कुठे थांबतं? थांबत नाय, पाइपातनं खाली जातं. आधी कुठलं झाड होतं? कोनाला विचारू? खुर्च्या किती? एक. मातीच्या रकान्यात लिहिलं होतं, हितं नाय. तुझ्याकडची दे.

नाव वाचून मी मोठ्याने हसले. झेरॉक्सला आलेला माणूस बघायला लागला. मग खुर्च्यांच्या ओळीपर्यंत आले आणि त्याला म्हटलं, उद्या या, आज मशीन बंद आहे.

रविवारी सकाळी उठून मागच्या वाफ्यातली माती पिशवीत भरली. मूठभर मागितली होती, मी दोन किलो घेतली. बांधायच्या आधी आजूबाजूला बघितलं आणि चमच्याच्या टोकावर घेऊन जिभेला लावली. शाडू अजून लागतो, पण पूर्वीएवढा नाही. मग आईची खुर्ची घडी केली, सुतळीने बांधली आणि पुण्याच्या गाडीत चढले. कंडक्टर म्हणाला, ताई, खुर्ची मधे ठेवू नका, लोकांना लागते. मी ती मांडीवर घेतली.

"किती वाजता पोचेल?" मी विचारलं.

"घाटात अडकलो नाही तर दोनला. का, कार्यक्रम आहे?"

"हो," म्हटलं. "चारच्या आत पोचायला हवं."